सूटर यांनी राजीनामा दिला नाही, बरोबर केलं

नाशकात न्यायाधीशांचा विषय निघाला की कोणीतरी रामशास्त्री काढतंच, आणि का नाही काढणार, ज्या राघोबादादाला शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं त्याचा वाडा आपल्या आनंदवल्लीतच होता. त्यामुळे न्यायाधीश कसा हवा, तर चुकीचं दिसलं की पद सोडून चालता होणारा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्या. डेव्हिड सूटर यांच्याबद्दलही मित्रमंडळी तेच म्हणतात, 2000 च्या निवडणुकीचा कोर्टाचा निकाल एवढा मनाला लागला होता तर पद सोडायचं की. मला हे अजिबात पटत नाही.

2000 ची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक, बुश विरुद्ध गोर. सगळं फ्लोरिडावर अडलेलं आणि तिथे बुश फक्त 537 मतांनी पुढे. तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मशीनने न धरलेली मतं हाताने मोजा, मोजणी सुरू झाली तर वॉशिंग्टनहून, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टाकडून, स्टे, आणि 12 डिसेंबरला 5 विरुद्ध 4 ने मोजणी कायमची बंद. सूटर त्या चौघांत होते, आणि त्यांना 1990 मधे नेमलं होतं याच बुशच्या वडिलांनी, थोरल्या बुशने! त्यांचं म्हणणं काय, तर मोजायचे नियम जागोजागी वेगळे आहेत हे मान्य, मग सगळीकडे एकच नियम लावा आणि मोजा ना, अध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी 18 तारखेला मत देणार, तोपर्यंत वेळ आहे. किती साधी गोष्ट आहे ही, मत दिलंय ना लोकांनी, मग ते मोजा.

त्यानंतर ते इतके खचले की राजीनाम्याच्या विचारात होते असं पुढे छापून आलं, जवळच्या मित्रांनी समजावलं म्हणून थांबले म्हणतात. पण गेले असते तर त्यांच्या जागी माणूस नेमणार कोण? तोच बुश, ज्याला या निकालाने खुर्ची मिळाली!! ते 2009 पर्यंत राहिले आणि मग त्यांच्या जागी दुसऱ्या पक्षाच्या ओबामाने सोटोमायोर यांना नेमलं.

आपल्या सुप्रीम कोर्टाचे न्या. एच. आर. खन्ना घ्या. आणीबाणीत, एप्रिल 1976 ला, बाकीच्या चार न्यायाधीशांविरुद्ध एकट्याने लिहिलं की सरकारला कोणालाही असं कोर्टाची दारं बंद करून डांबता येणार नाही, आणि तरी पदावर राहिले, पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं तेव्हाच राजीनामा दिला. 2017 मधे सुप्रीम कोर्टानेच 76 चा तो निकाल चुकीचा ठरवला आणि खन्नांचं बरोबर होतं म्हणून सांगितलं. आणि शास्त्रीबुवासुद्धा राघोबाची सत्ता गेल्यावर बारभाईंच्या काळात परत पदावर आले होते, तेवढं आपण गोष्ट सांगताना गाळतो.

सूटर यांची एकच गोष्ट मला खटकते. आपले सगळे कागद त्यांनी मृत्यूनंतर 50 वर्षं बंद ठेवायला सांगितले, ते 2025 मधे गेले, म्हणजे उघडणार 2075 ला. ज्या मतदारांची मतं मोजलीच नाहीत त्यांच्यातलं तेव्हा कोण असणार वाचायला?