‘पीककर्ज भरू नका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

काटोलच्या मामांनी काल पाठवलेला मेसेज असा: ‘केसीसीवर (किसान क्रेडिट कार्डावर) सगळ्यांना 3 लाख बिनव्याजी मिळतात. भरू नका, माफी होतेच. बँक जमीन नावावर करून घेते, विमाही जबरदस्तीने कापते.’ मामांनी तो वाचून भरायला काढलेले पैसे थांबवले. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘भरू नका’ हे यातलं सगळ्यात घातक. माफी सरसकट नसते, ती मागच्या तारखांवर ठरते. 2019 ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना बघा. 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेलं आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेलं कर्ज, तेही मुद्दल आणि व्याज मिळून 2 लाखांपर्यंतच. मुद्दल 1 लाख 90 हजार आणि व्याज धरून आकडा 2 लाखांच्या वर, की शेतकरी यादीबाहेर. थांबून राहिलं की हाच आकडा फुगतो. नियमित भरणाऱ्यांना त्याच योजनेत 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, ते मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलं.

आता न भरण्याचा हिशोब. राज्यात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 6 टक्क्यांनी मिळतं. 2 लाखांवर वर्षाचे 12,000. मुदतीत भरलं तर केंद्राचे 3 टक्के आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्याचे 3 टक्के, म्हणजे 6,000 आणि 6,000 ची सवलत. तारीख चुकली की दोन्ही गेले, आणि पुढे बँकेचा नेहमीचा दर लागतो. सोयाबीन-कापसासारख्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, जातं. मग पेरणीच्या तोंडावर नवं कर्ज नाही, आणि सावकाराचं दार उघडंच असतं.

‘बिनव्याजी’ हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. पण अनेकदा व्याज आधी भरावं लागतं आणि सवलत मागाहून, कधी फार उशिरा, खात्यात येते. खरिपाची मुदत बहुतेक ठिकाणी 31 मार्च. नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका: शाखेत गर्दी असते, सर्व्हर बसतो, आणि चार दिवसांसाठी उसने आणलेले पैसे नवं कर्ज मंजूर होईपर्यंत अडकून पडतात. भरल्याची पावती त्याच तारखेची घ्या.

सगळ्यांना 3 लाख? नाही. पिकाचा जिल्ह्यात ठरलेला हेक्टरी खर्चाचा दर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्चासाठी 10 टक्के, अवजारं-दुरुस्तीसाठी 20 टक्के आणि विम्याचा हप्ता, अशी मर्यादा निघते. पिकाचा खर्च 1 लाख निघाला तर हप्ता सोडून 1 लाख 30 हजार.

जमीन नावावर होत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढतो, मालक तुम्हीच राहता. 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने 2 लाखांपर्यंतचं शेतीकर्ज विनातारण केलं आहे. कर्ज संपलं की बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र) तलाठ्याकडे द्या आणि फेरफार होऊन बोजा उतरला का ते बघा. बँक भरून घेते, बोजा आपोआप उतरत नाही. इथे बरेच जण फसतात.

पीकविमा 2020 च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. नको असेल तर विमा नोंदणीच्या अंतिम तारखेच्या निदान 7 दिवस आधी शाखेत लेखी द्या, नाहीतर हप्ता कापला जाणारच.