आधी सांगा, दारावर थर आहे की नाही?

फ्रीजच्या स्टीलच्या दारावर वीतभर चरा होता. आता त्या जागी तळहाताएवढा चकाकता डाग आहे. चरा निदान उजेड तिरका पडला तरच दिसायचा, हा डाग स्वयंपाकघरात पाऊल टाकताच डोळ्यांत घुसतो. तीन आठवडे झाले, तरी दार उघडताना रोज नव्यानं संताप होतो.

चरा माझ्या हातून पडलेला नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या पट्ट्याचं बक्कल दाराला घासलं. त्यानं वरून बोट फिरवलं, "तेल लावा, जाईल" म्हणाला आणि निघून गेला. कंपनीला फोन केला, तर वापरात पडलेले ओरखडे वॉरंटीत बसत नाहीत म्हणे. अहो, तुम्हीच पाठवलेल्या माणसाचं बक्कल हा माझा वापर कसा झाला?

आणि ते तेल! ज्याला विचारावं तो तेलच सांगतो. तेलानं धातू उगवतो का? तेल चऱ्यात उतरतं, उजेड थोडा वेगळा परावर्तित होतो आणि दोन दिवस बरं वाटतं. ओल्या फडक्यानं पुसलं की चरा जिथल्या तिथे. मग टूथपेस्ट सांगतात. टूथपेस्टमधली पूड स्टीलमधला चरा काढण्याइतकी कठीण नसते, फार तर आजूबाजूचा भाग चकचकीत होतो. म्हणजे चरा राहतोच, वर चकाकीचा ठिपका वाढतो. "चरा भरून काढा" हे वाक्य तर मला ऐकवतच नाही. स्टीलमधला चरा भरत नाही. आजूबाजूचा धातू घासून चऱ्याच्या पातळीला आणावा लागतो आणि त्यावर पुन्हा रेघा ओढाव्या लागतात. दुरुस्ती एवढीच आहे. नखाला खाच लागावी इतका खोल चरा असेल, तर घरी बसून तो पूर्ण जातही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सिंकमधला असाच एक चरा मी स्वतः घालवलाय. ब्रश फिनिशच्या स्टीलवर एकाच दिशेनं हजारो बारीक रेघा असतात. चरा डोळ्यांना टोचतो तो त्या रेघांना आडवा जातो म्हणून. त्यामुळे घासायचं ते रेघांच्या दिशेनंच. गोल गोल नाही, पुढे-मागे नाही, एकाच बाजूला लांब हात मारत, सारख्या दाबानं. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत वापरायचा घासकागद, ओला ठेवायचा. सुरुवात बारीक पेपरनं करायची, चरा हलला नाही तरच एक पायरी जाड घ्यायचा, आणि शेवट मूळ रेघांशी जुळणाऱ्या पेपरनं. नुसत्या चऱ्यावर घासत बसलं तर खळगा दिसतो, म्हणून आजूबाजूचा पट्टाही धरायचा. तासभर गेला, पण सिंकचा तो भाग आज ओळखू येत नाही.

तीच पद्धत, तोच पेपर, तोच हात फ्रीजच्या दारावर चालवला आणि दार गेलं.

कारण दारावर पारदर्शक थर होता! बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून दिलेला, केसाहूनही पातळ. पेपर लागला तसा तो थर निघाला, खालचं स्टील उघडं पडलं आणि आता थर असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी दोन रंगांचे दिसतात. मी घासलं ते बरोबरच घासलं, पण मी स्टील घासतच नव्हतो, लेप घासत होतो. आणि लेप घासून दुरुस्त होत नाही.

हे मला कुणी सांगायचं होतं? माहितीपुस्तिका दोनदा वाचली. मऊ कापड वापरा, एवढंच लिहिलंय. दार कशाचं आहे, त्यावर लेप आहे का, चरा पडला तर काय करावं, यावर एक शब्द नाही. पुन्हा फोन केला तेव्हा एकजण थर आहे म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, तिसऱ्यानं थेट नव्या दाराची किंमत सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणालं चुंबक लावून बघा, चिकटलं तर स्टील नकली. साफ चूक. 430 ग्रेडच्या स्टीलला चुंबक चिकटतं आणि तेही अस्सल स्टेनलेसच असतं. 304 मध्ये निकेल असतं, म्हणून त्याला सहसा चिकटत नाही. आणि लेप आहे की नाही हे चुंबकाला कसं कळणार?

काळ्या स्टीलवाल्यांची तर याहून वाईट गत. तो काळा रंग म्हणजे वरचाच थर, चरा पडला की खालची चंदेरी रेघ उघडी पडते आणि कितीही घासलं तरी ती रुंदच होत जाते. काही दारं तर स्टीलसारखा दिसणारा रंग दिलेला साधा पत्राच असतात. तेही विकताना कुणी बोलत नाही.

वर तारेची घासणी सुचवणारे आहेतच. साध्या लोखंडी तारेचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि ओल लागली की तेच गंजतात. स्टेनलेसला ओरखडा पडला म्हणून लगेच गंज चढत नाही. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, हवा लागली की त्याचा संरक्षक पापुद्रा पुन्हा धरतो. म्हणजे चऱ्यानं जे बिघडलं नसतं, ते अशा सल्ल्यानं बिघडतं.

मला फुकट दार नकोय. मला पेपर हातात घेण्याआधी एक ओळ वाचायला मिळायला हवी होती. फ्रीजच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल नंबर आहे, व्होल्टेज आहे, गॅस किती ग्रॅम भरलाय तेसुद्धा छापलंय. त्याखाली बोटभर जागा कोरी आहे. दारावर लेप आहे की नाही, ते तिथे छापा!