वारसाहक्काने आलेला लेथ कसा मार्गी लावावा

वडिलांमागे फ्लॅट राहिला की भावंडांमध्ये वकील येतो, दागिने राहिले की जावाजावांत अबोला येतो. लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कातायचं मशीन, राहिला की मात्र घराण्यात त्यागाची लाट उसळते. "दादा, तूच ठेव, अण्णांचा जीव तुझ्यावर होता." "छे छे, पहिला हक्क ताईचा." ठाण्यातल्या एखाद्या कुटुंबात एवढा समंजसपणा दिसला तर खुशाल समजावं, वागळे इस्टेटच्या कुठल्यातरी गाळ्यात टनभर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वारसाची वाट बघत उभं आहे.

हा मजकूर तुम्ही वाचताय म्हणजे जीव तुमच्यावरच होता. अभिनंदन.

गाळ्याचा सौदा झालेला असेल, घेणाऱ्याला तिथे काचेचं ऑफिस थाटायचं असेल आणि महिनाअखेर जागा मोकळी हवी असेल. तरी घाई करू नका. आधी फॅमिली ग्रुपवर फोटो टाका. फोटोत चक (काम पकडून फिरणारा जबडा) पुरता आला नाही तरी बिघडत नाही, तुम्ही आलात म्हणजे झालं. गेल्या खंडेनवमीच्या झेंडूचा वाळका दोरा हत्यार धरणाऱ्या टूलपोस्टला लटकत असेल तर तो काढू नका, तसा फोटो जास्त चालतो. खाली लिहा, 'याच्याच जिवावर आमची शिक्षणं झाली.' यात खोटं काही नाही. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत, आणि तिथल्या गाळ्यांतून बुश (दांडीवर बसणाऱ्या नळ्या), पुल्या, शाफ्ट कातून देत माणसांनी पोरांना इंजिनिअर केलं. पोरं इंजिनिअर झाली म्हणूनच तर आता घरात लेथ चालवणारं कोणी नाही. जोडलेल्या हातांचा पाऊस पडेल. "गाळा कधी रिकामा करायचाय, मी येतो," असं त्यात कोणी लिहिणार नाही.

मग किंमत ठरवा. चक फिरवणाऱ्या डोक्यावरची, म्हणजे हेडस्टॉकवरची, पितळी पाटी पुसा. हरिहरचं नाव निघालं तर तो मैसूर किर्लोस्करचा. हा कारखाना १९४१चा, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. 'स्वातंत्र्यपूर्व वारसा' असं जाहिरातीत लिहा, तुमचं मशीन ऐंशीच्या दशकातलं असलं तरी. एचएमटी निघालं तर 'सरकारी, त्यामुळे दणकट' असं लिहा. इंग्लंडातलं नाव निघालं तर खाली बसूनच घ्या. तिकडच्या कुण्या हौशी म्हाताऱ्याने दोन हिवाळे खर्चून झळाळून ठेवलेल्या तशाच लेथची पौंडातली किंमत शोधा, तिचे रुपये करा, त्यात अण्णांच्या घामाचे वेगळे धरा. हा आकडा सोडायचा नाही. गिऱ्हाईक येत नाही म्हणजे लोकांना कदर नाही.

दरम्यान भावनेच्या भरात कोणीतरी म्हणेल, घरीच नेऊ या. अवश्य. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर लेथ शोभून दिसतो. आठ माणसांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेलं असतं, म्हणजे दोन खेपांत व्हायला हरकत नाही; मशीनला तसं समजावून सांगा. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात, पण तो नियम परक्यांच्या लेथसाठी असावा. लेथच्या मोटरला लागणाऱ्या थ्री फेज विजेचं काय, हे मीटर रूममध्ये उभे राहून सेक्रेटरींना विचारा. ड्राइव्ह नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी लावून घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवता येते, असं तुम्हाला कोणी सांगेल. ऐकू नका. त्याने लेथ चालू होण्याचा धोका असतो.

आता साफसफाई. इथे सावकाश लक्ष द्या, कारण पन्नास वर्षांत गिऱ्हाइकांना, पावसाळ्यांना आणि शिकाऊ पोरांना जे जमलं नाही ते तुम्ही एका रविवारी करून दाखवू शकता. बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब पायावर, हत्यार वाहणारं कॅरेज ज्या पट्ट्यांवरून सरकतं, त्या पट्ट्यांकडे तिरक्या उजेडात वाका. तेलाच्या पिवळ्या थराखाली चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा ओळीने दिसतील, विशेषतः चकासमोरच्या टोकाला, टेलस्टॉकच्या बाजूला, जिथे घासाघीस कमी झाली. कारागिराने हाताने स्क्रेपर मारून एकेक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, उतरवत पृष्ठभाग सपाट केला, त्याच्या या खुणा. त्या उथळ खळग्यांत तेल धरून राहतं, म्हणून लोखंडावर लोखंड घासत नाही. तुम्हाला अर्थातच हे ओरखडे वाटणार. ग्राइंडरला एमरीचं चाक लावा आणि आरशासारखं लख्ख करा. मग वरपासून खालपर्यंत सोनेरी ऑइल पेंट. डायलवरच्या रेघाही बुजल्या पाहिजेत, नाहीतर कोणी मापं वाचत बसेल. शेवटी निळी ताडपत्री घट्ट गुंडाळून दोरीने आवळा. जूनमध्ये गुंडाळलीत तर फारच छान. ठाण्याची दमट हवा आतच कोंडते, रात्री तिचं पाणी होतं आणि गणपतीपर्यंत सगळं पुन्हा तांबूस होतं.

हलवायची वेळ आली की जाणकार लोक हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, बोलावतात, कॅरेज टेलस्टॉककडे सरकवून तोल साधतात आणि पट्टा बेडखालून घेतात, कारण सगळं वजन हेडस्टॉकच्या अंगाला असतं. तुम्ही टेम्पोवाला आणि त्याचे चार भाऊ बोलवा. मशीनच्या पुढच्या अंगाला एक लांब, चकचकीत, आटे पाडलेली दांडी असते. तिला लीडस्क्रू म्हणतात आणि मशीन जे आटे कापतं त्यांची अचूकता तिच्यावर अवलंबून असते. पण ती आडवी, हाताला येईल अशी आहे, तेव्हा दोर तिलाच बांधा. किंचित वाकली तर "जुनंच आहे हो" म्हणायचं.

एक पर्याय इंटीरियरवाल्यांचा. जुने गाळे, उघड्या विटा, लोंबते बल्ब आणि साडेतीनशे रुपयांची कॉफी, अशा जागी बेडवर जाड काच टाकून लेथचं टेबल करतात. चकात पाम लावतात. कप ठेवणाऱ्याला 'इंडस्ट्रियल' वाटतं, आणि इंडस्ट्री शेजारच्या गल्लीतून उठून गेली याचं कोणाला दुःख होत नाही. अण्णा त्या कॉफीचा दर ऐकून काय म्हणाले असते ते इथे छापण्याजोगं नाही.

खरा धोका वेगळाच आहे. एखाद्या संध्याकाळी एक काका येतील, बुशशर्टच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असलेले. भाव विचारणार नाहीत. आधी चक हाताने फिरवतील, डोळे मिटून ऐकतील. मग कॅरेज चकाजवळ आणून गिब (कॅरेज सैल-घट्ट करायची पट्टी) आवळतील आणि तसंच टेलस्टॉककडे नेतील. ते अर्ध्यात जड झालं की मान हलवतील. "चकाजवळ बेड खाल्लाय. रोजचं छोटं काम तिथेच होतं ना साहेब. पण बुशिंगला अजून चालेल. माझा भाचा आयटीआयचा टर्नर आहे, रबाळ्याला गाळा घेतोय. द्याल का?" भंगारापेक्षा थोडा जास्त आकडाही सांगतील, आणि तो हप्त्याने.

इथे पाय घसरू देऊ नका. या मुलाने दोन वर्षं ट्रेड केलाय, तो हे मशीन खरोखर चालवेल, पुन्हा तेलकट करेल, आठवड्याभरात त्यावर कोणाच्या तरी पंपाचा शाफ्ट चढलेला असेल. मग अण्णांची आठवण म्हणून काय उरलं? त्यांना चहा पाजा, "घरच्यांशी बोलतो" म्हणा आणि नंबर घ्यायला विसरा.

नंतर महिनाअखेर येते आणि भंगारवाला येतो. हा व्यवहार स्वच्छ. बीड किलोवर, मोटर वेगळी कारण आत तांबं, पितळी पाटी त्याने न विचारता खिशात घातली तर ती दस्तुरी समजा. पौंडांचा आकडा त्याला सांगू नका, उगाच हसेल. पैसे भावंडांत समान वाटा. ज्या ताईने हक्क सोडला होता तिचा फोन सर्वांत आधी येईल.

तुम्ही माझं ऐकलं नाहीत आणि काकांच्या भाच्यालाच मशीन दिलंत, तरी निराश व्हायचं कारण नाही. गाळ्याच्या माळ्यावर ग्रीसने काळा पडलेला एक लाकडी खोका राहिलेला असतो. त्यात आट्यांचं माप बदलायचे लहानमोठे चेंज गिअर असतात, आणि त्यात एक थोराड, १२७ दात्यांचा. देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, पण जुन्या लेथच्या लीडस्क्रूला तो कोणी वाचून दाखवला नाही, तो इंचातच राहिला. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. हा गिअर मध्ये घातला की इंचाच्या लीडस्क्रूवरही मिलिमीटरचे आटे बिनचूक पडतात. त्याहून लहान गिअरने हिशेब जवळपास बसतो, नेमका बसत नाही.

तो खोका तुमच्याकडेच ठेवा. चार दिवसांनी भाच्याचा फोन येईल, "साहेब, १२७चा गिअर कुठे दिसला का?" "बघतो हं" म्हणा. गिअर रॉकेलने धुवून दिवाणखान्यात लावा, मध्ये आयतं भोक आहे, बाजारातला वीस रुपयांचा सेल आणि क्वार्ट्‌झची डबी मागून बसवली की झकास घड्याळ होतं. फक्त डबीची दांडी मिलिमीटरमध्ये येते आणि भोक इंचात, त्यामुळे ती खुळखुळेल. मधे एक बुश कातून घ्यावा लागेल. रबाळ्याला एक मुलगा आहे, तो करून देईल.