भरलेली कॅसेट गाडीतून घरी का आणली: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री तीनदा वाचली. वय ७४ लिहिलंत, म्हणून काकाच म्हणते. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोकणातून परतताना आम्ही कॅम्परमधल्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतल्या टॉयलेटची कॅसेट (मैला साठवणारी, काढता येणारी टाकी) हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाच्या संडासात रिकामी केली. पुढे गंगापूर धरणाच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतावर दोन रात्री राहिलो आणि तिथे भरलेली कॅसेट गाडीतून नाशिकला घरी आणली, असं मी लिहिलं होतं. काकांचे आक्षेप तीन. मैला भरलेला डबा, जिथे पोळीभाजी खाता त्याच गाडीतून आणणं ही किळसवाणी गोष्ट आहे. त्यापेक्षा शेतात खड्डा खणून पुरला असता तर सोनखत झालं असतं, आमच्या लहानपणी सगळं गाव तेच करायचं. आणि तिसरा, पेट्रोल पंपावर ओतलंत तेव्हा तिथे झाडू मारणाऱ्या बाईचा विचार केलात का?

पहिल्या दोन मुद्द्यांवर माझं मत तुमच्या उलट आहे. तिसऱ्यावर तुम्ही बरोबर आहात, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहात. त्याकडे शेवटी येते.

आधी गाडीतून आणण्याबद्दल. कॅसेट म्हणजे झाकण लावलेली बादली नव्हे. जाड प्लास्टिकची बंद टाकी असते, आमची साधारण २० लिटरची. वरच्या तोंडाला सरकती झडप आणि तिला रबरी वायसर. झडप बंद असली, वायसर स्वच्छ आणि मऊ असला, की टाकीतून थेंब येत नाही आणि वासही येत नाही. बिघडतं ते वायसरमुळे. त्यात कागदाचा कपटा अडकला किंवा रबर कोरडं पडलं, की झडप नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी टाकी धुतल्यावर मी वायसरवरून ओलं फडकं फिरवते, कोरडं करते आणि सिलिकॉनचा हलका हात देते. व्हॅसलीन लावायचं नाही, त्याने रबर फुगतं.

टाकी काठोकाठ कधी भरू द्यायची नाही, पाऊण झाली की थांबायचं. एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो, त्यामुळे भरलेली कॅसेट उचलताना कंबर सांभाळावी लागते. आमच्याकडे ती मागे, तळाला, एका खोल प्लास्टिकच्या टबात आडवी-सपाट ठेवतो आणि दोन पट्ट्यांनी आवळतो. खाण्याचं सामान पुढे, बंद कपाटात. तोटीचं झाकण घट्ट आहे ना, हे निघायच्या आधी हाताने तपासायचं. नुसतं बघून कळत नाही.

घाटाचीही एक गोष्ट सांगते. कसारा घाट चढून इगतपुरीला आलं की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर असतो. बाहेरची हवा विरळ होते, बंद टाकीतली हवा फुगते. ऊन असेल तर आणखी. अशा वेळी झडप झटकन उघडली तर फस्सकन वारा येतो आणि त्यासोबत जे यायचं ते येतं. म्हणून वर आल्यावर पहिल्यांदा टाकीची हवा हळूच सोडायची, मग झडप उघडायची. कॅम्पर भाड्याने घेऊन मुंबईहून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

तर काका, नीट बांधलेली बंद टाकी गाडीत असण्यात मला किळस वाटत नाही. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेले, त्यात मधुमेह. दर दोन तासांनी गाडी थांबवावी लागते. ढाब्यामागचा ओला, कडी नसलेला, उकिडवं बसायचा संडास त्यांना वापरता येत नाही. पूर्वी त्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायच्या आणि पोचेपर्यंत डोकं धरून बसायच्या. कॅसेट आल्यापासून त्या तांब्याभर पाणी पिऊन गाडीत बसतात. ही टाकी वाहून नेणं ही त्याची किंमत आहे, आणि ती आम्ही आनंदाने देतो.

आता खड्डा. सोनखताबद्दल तुम्ही बोललात त्याचा मला आदर आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरीत या कामात आयुष्य घातलं, ते उगाच नाही. पण सोनखत मुरवून होतं. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की तो बंद करून एक-दीड वर्ष तसाच ठेवतात, तेव्हा कुठे आतला मैला मातीसारखा होतो. जंतांची अंडी मातीत फार काळ तग धरतात, म्हणून ती मुदत. कॅसेटमध्ये जे असतं ते तर वेगळंच: लघवी, फ्लशचं पाणी, मैला, विरघळलेला कागद, सगळं पातळ. ते खड्ड्यात ओतलं की पाणी तासाभरात खाली जातं, मुरायला उरतंच काय? वर टाकीत निळं औषध असेल, आणि ते फॉर्मल्डिहाइडचं असेल, तर ज्या जिवाणूंनी खत करायचं त्यांनाच ते मारतं.

जागाही बघा ना. आम्ही होतो तिथून धरणाचं पाणी दिसत होतं. त्या भागात दोन-तीन फूट माती, मग मुरूम, खाली काळा दगड. दगडाला भेगा. शेतकऱ्याची विहीर त्याच भेगांच्या झऱ्यावर भरते आणि उतार धरणाकडे. नाशिकचं बरंचसं पिण्याचं पाणी गंगापूर धरणातून येतं, तुमच्या पंचवटीतल्या नळालाही तेच येतं. एका कुटुंबाचे २० लिटर म्हणजे समुद्रात थेंब, असं कोणी म्हणेल. पण सुट्टीच्या दिवशी त्या काठावर किती तंबू आणि गाड्या लागतात ते तुम्ही बघितलं असेल. प्रत्येकाने आपापला एकच खड्डा खणला तर?

आणि सिंहस्थ तोंडावर आहे. २०१५ ला माणसांचा जो लोंढा आला तो आपण दोघांनीही पाहिला. या वेळी स्वतःच्या गाडीत राहण्याची सोय करून येणारे जास्त असतील, त्यातल्या कित्येकांकडे असली पोर्टेबल टॉयलेट असतील. रस्त्याकडेला लोखंडी जाळी दिसली की माणसाला वाटतं, गटारच आहे, ओता. पण नाशिकमध्ये भुयारी गटार वेगळं आणि पावसाळी गटार वेगळं. भुयारी गटारातलं पाणी तपोवन, आगरटाकळी अशा मलनिस्सारण केंद्रांकडे जातं. पावसाळी गटार नाल्यात आणि नाला सरळ गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत. त्या जाळीत ओतलेली कॅसेट म्हणजे गंगेवर नेऊन ओतलेली कॅसेट. खाली रामकुंडावर लोक बाटल्या भरून घेत असतात, त्याच्याही पुढे नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आपली मलनिस्सारण केंद्रं किती चांगली चालतात यावर वाद आहे, नदीतल्या पाणवेली सगळ्यांना दिसतात, गोदावरीच्या प्रदूषणाचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. तरीही घरच्या संडासात ओतलेल्या मैल्यावर कुठेतरी प्रक्रिया होण्याची सोय आहे. नाल्यात ओतलेल्यावर ती नाहीच. म्हणून मी ती वीस-बावीस किलोमीटर घरी आणते.

ब्रिटनमध्ये कॅम्पसाइटवर कॅसेट ओतायला वेगळी जागा असते, एल्सन पॉइंट म्हणतात. रुंद तोंडाचं कुंड, शेजारी धुवायचा नळ, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ तिथून लांब. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या वाढणार असतील तर अशी कुंडं आधी बांधायला हवीत. बांधकाम अवघड नाही, भुयारी गटाराला किंवा मोठ्या सेप्टिक टाकीला जोडलं की झालं.

आता पेट्रोल पंप.

मूळ लेखात मी एवढंच लिहिलं होतं की पंपावर विचारून कॅसेट रिकामी केली आणि निघालो. विचारलं होतं, हे खरं. पुढचं लिहिलं नाही. कॅसेट ओतताना तोटी फिरवून भांड्याच्या अगदी जवळ न्यायची आणि टाकी कलती केल्यावर अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरायचं. हवा आत गेली की पाणी एकसंध धारेने येतं. बटण सुटलं की टाकी गचके खात ओकते. त्या दिवशी हातमोजा ओला होता, माझा अंगठा सरकला. भांडं बसायचं, उथळ. अर्ध्या फरशीवर शिंतोडे, भिंतीवर सुद्धा. मी बादलीने धुवायला लागले, पण माझ्याकडे ना ब्रश होता ना फिनेल. तेवढ्यात तिथल्या सफाईच्या ताई आल्या. त्यांनी एकदा फरशीकडे पाहिलं, माझ्या हातातली बादली घेतली आणि खराटा मारायला सुरुवात केली. हातात मोजे नव्हते. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाल्या, "असू द्या, रोजचंच आहे."

ते "रोजचंच आहे" माझ्या कानातून गेलं नाही, आणि तरी मी लेखात ते गाळलं. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला आणखी कडक झाला, आणि मी माझ्या कुटुंबाचा मैला एका बाईच्या उघड्या हातांसमोर सांडून आले. विचार केलात का, असं तुम्ही विचारलंत. काका, ओतायच्या आधी केला नव्हता.

शिवाय त्या पंपाला सेप्टिक टाकी होती आणि माझ्या कॅसेटमध्ये निळं औषध. तेही चूकच. आता मी फॉर्मल्डिहाइड नसलेलं औषध वापरते, थंडीत आणि छोट्या प्रवासात तेही नाही, नुसतं पाणी. ब्लीचिंग किंवा ॲसिडचं क्लीनर टाकीत कोणीही घालू नये. रबर खराब होतंच, पण लघवीत ब्लीच मिसळलं की छातीत जाणारा विषारी वायू तयार होतो, आणि ब्लीच नि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन.

यापुढे आमच्याकडे असं ठरलं आहे: दुसरी रिकामी कॅसेट बरोबर ठेवायची, म्हणजे वाटेत ओतायची वेळच येणार नाही. दोन्ही घरीच रिकाम्या करायच्या. ओतायचं मी किंवा माझ्या नवऱ्याने, दोन-तीन लिटर पाण्याने दोनदा खळबळून तेही त्याच भांड्यात, मग भांडं आणि फरशी घासायची तीही आम्हीच. गाडीत ब्रश, फिनेल आणि रबरी हातमोज्यांचे दोन जोड एका वेगळ्या डब्यात राहतात. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, कॅसेट आली असेल त्या दिवशी बाथरूमला हात लावायचा नाही.

त्या पंपावर मागच्या आठवड्यात मुद्दाम थांबले होते. ताईंची सुट्टी होती. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्याने जायचं आहे, तेव्हा पुन्हा थांबेन.

लेखातला पंपाचा परिच्छेद आज बदलून जे घडलं ते पूर्ण लिहिलं आहे. तुमची प्रतिक्रिया त्याच्याखाली जशीच्या तशी आहे.