प्रोटीनला बर्फ, आम्हाला घाम

मे महिन्यात रत्नागिरीत शहाण्याने दोनच कामं करावीत, आंबे काढावेत नाहीतर खावेत. मी सुट्टीतला रिसर्च प्रोजेक्ट अंगावर घेतला.

विषय असा की, पेशीला बाहेरून वाढीचा निरोप आला की आतली प्रोटीनं तो पुढे पुढे सरकवतात. माझ्या वाट्याला त्यातलं ईआरके आलं. काइनेज जातीचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, तेव्हा ते कामाला लागतं; फॉस्फटेज तो उपटतं, की ते गप्प. माणसात अशी काइनेजं पाचशेच्या वर आहेत. या चिकटवाचिकटवीच्या शोधाबद्दल फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं. आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक लावतो, दुसरा काढतो. मग यात तुझं काय काम, मेल्या?"

सरांनीही नंतर हेच विचारलं, फक्त 'मेल्या' वगळून.

माझं काम म्हणजे बर्फ. पेशी फोडल्या की फॉस्फटेजं मोकाट सुटतात. त्यांना रोखणारी रसायनं घातली तरी नमुना बर्फातच हवा. कॉलेजचं बर्फाचं यंत्र बंद, म्हणून मी थर्माकोलचा डबा घेऊन मिरकरवाडा बंदरावर. तिथला बर्फ स्वस्त आणि भरपूर, फक्त त्याला बांगड्याचा वास. परतीच्या रिक्षात शेजारच्या काकूंनी डब्यात डोकावून विचारलं, "सुरमई काय भावानं मिळाली?" मी म्हटलं, आत प्रोटीन ठेवायचंय. "तेच विचारतेय मी."

पुढे वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातली प्रोटीनं कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि फॉस्फेट लागलेलं ईआरके अँटीबॉडीने हुडकायचं. त्यात अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडदा बहुतेक वेळा दुधाच्या पावडरीत बुडवतात. आईने हौसेने डबा दिला. सर म्हणाले, दूध नको, त्यातल्या केसीनवरच फॉस्फेट असतात, उगाच घोळ होईल. डबा घरी परत. आईच्या मते सायन्सला दूधसुद्धा पचत नाही.

तशात १ जून उजाडला. पावसाळी मासेमारीबंदी, बोटी बंदरात, बारीक केलेला बर्फ बंद. कारखान्यातला माणूस म्हणाला, "आता अख्खी लादी घे, नि फोड घरी." म्हणून हल्ली लॅबच्या पडवीत गोणपाटात लादी गुंडाळून मी मोगरीने हाणत असतो, आणि आतून सरांचा आवाज येतो, "आणखी बारीक! ट्यूब उभी राहिली पाहिजे!"