शिओगोराथ पैज जिंकतो ती ताकदीवर नाही

लेखात म्हटलंय की फँटसी गेममधल्या देवांच्या पैजा म्हणजे जास्त ताकदवान कोण हे ठरवायची सोय. ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेपुरतं तरी हे पटत नाही. त्यातला वेडाचा अधिपती शिओगोराथ आणि शिकारीचा अधिपती हिर्सीन यांची पैज आठवा. त्या जगातल्या स्कायरिम प्रांताच्या बर्फाळ डोंगरात ठरतं, की तीन वर्षांनी दोघांनी आपापलं जनावर आणायचं आणि झुंज लावायची. हिर्सीन आणतो लांडगा बनवणाऱ्या शापाने आणखी भयंकर झालेला डेड्रॉथ नावाचा राक्षस. शिओगोराथ काय आणतो? एक चिमुकला रंगीत पक्षी! तो त्या श्वापदाच्या अंगावरच जाऊन बसतो. त्याला मारायच्या नादात श्वापद स्वतःलाच ओरबाडत सुटतं आणि संपतं. नियम एकही मोडलेला नाही. आपल्याकडे कद्रूने विनतेशी लावलेली पैज जिंकली ती घोड्याच्या शेपटीला काळे नाग चिकटवून, म्हणजे सरळसरळ फसवणूक. इथे तसं काही नाही, फक्त समोरच्याचा संताप वापरलाय.

दुःस्वप्नांची अधिपती व्हर्मिना हिच्याबरोबरची शिओगोराथची पैज तर मला त्याहून क्रूर वाटते. तिथे पणाला एक लेखक लागतो. ती त्याला दुःस्वप्नं देते, शिओगोराथ त्याच्याकडे नुसतं दुर्लक्ष करतो, आणि लेखकाला वेड लागतं ते दुर्लक्षानेच.

गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मंडळींनी यातून एवढं जरूर उचलावं: पैजेच्या अटी खेळाडूंना शब्दशः ऐकवा. पळवाट त्यांनाच शोधू द्या, देवाच्या ताकदीच्या आकडेवारीचा तक्ता काढत बसू नका.