‘५ किलोवॅट हायब्रीड’, बरं मग पुढे?

सोलरचं कोटेशन मागा. व्हॉट्सॲपवर एक ओळ येते: ‘५ किलोवॅट हायब्रीड इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, फिटिंगसह.’ खाली रक्कम आणि हात जोडलेला इमोजी. मॉडेल नंबर कुठाय? डेटाशीट, म्हणजे मशीनच्या सगळ्या आकड्यांचा कागद? ‘साहेब, टेन्शन घेऊ नका, एक नंबर माल आहे.’ अहो, लाखांत पैसे मोजताना टेन्शन घ्यायचं नाही तर कधी घ्यायचं, जळाल्यावर?

आधी या ‘हायब्रीड’चाच निकाल लावू. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू सर्रास खपवल्या जातात. पहिली वस्तू म्हणजे ऑफ-ग्रीड इन्व्हर्टर. तो सोलरवर चालतो, बॅटरी चार्ज करतो आणि कमी पडलं की महावितरणची लाइन घेतो. पण उरलेलं एक युनिटही तो लाइनवर परत पाठवू शकत नाही. दुसरा खरा हायब्रीड. तो ग्रीडशी, म्हणजे महावितरणच्या लाइनशी, ताल जुळवतो (सिंक होतो), जादा वीज बाहेर पाठवतो आणि लाइट गेली की बॅकअपही देतो. किमतीत बराच फरक, म्हणून पहिलाच दुसऱ्याच्या नावावर विकला जातो. नेट मीटरसाठी, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरसाठी, अर्ज करायची वेळ येते तेव्हा पितळ उघडं पडतं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेची ३ किलोवॅटवर मिळणारी ७८,००० रुपयांची सबसिडी ग्रीडला जोडलेल्या सिस्टिमसाठी आहे, हे विकणाऱ्याला माहीत नसतं असं नाही. त्याला फक्त आठवत नसतं. डेटाशीटवर ग्रीडला एक्स्पोर्ट करण्याचा स्पष्ट उल्लेख आणि आयएस १६१६९ चं (लाइन गेली की इन्व्हर्टर ग्रीडला वीज देणं थांबवतो याचं) सर्टिफिकेट मागा. नसेल तर विषय संपला.

उलट बाजूचा वैताग वेगळाच. सबसिडीत साधा ऑन-ग्रीड, म्हणजे बॅटरीशिवाय फक्त ग्रीडच्या आधारावर चालणारा इन्व्हर्टर बसवून देतात आणि भर दुपारी लाइट गेली की छतावर ऊन असूनही घरातला पंखा बंद! तो बंद पडणारच, पडलाच पाहिजे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून तसा नियम आहे. पण हे बसवण्याआधी सांगायला काय होतं? त्यावर ठरलेलं उत्तर: ‘नंतर बॅटरी लावून देऊ की.’ कुठे लावणार? त्या इन्व्हर्टरला बॅटरीची टर्मिनलंच नाहीत. मग काही महाभाग घरातल्या साध्या इन्व्हर्टरचं आउटपुट ऑन-ग्रीडच्या लाइनवर जोडतात. ऑन-ग्रीडला वाटतं ग्रीड आलं, तो सिंक होतो, आणि घरात लोड कमी असला की जादा वीज उलटी त्या बिचाऱ्या इन्व्हर्टरमध्ये घुसते. पुढे धूर. बॅटरी भरल्यावर फ्रिक्वेन्सी वाढवून ऑन-ग्रीडला मागे सारणारा बॅटरी इन्व्हर्टर असेल तरच असली जोडणी करायची. नाहीतर पहिल्याच दिवशी हायब्रीड घ्या, बॅटरी वर्षाने आणा.

आता पॅनेलच्या व्होल्टेजकडे या. सगळ्यात जास्त माल इथे जळतो आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ५५० वॉटचं पॅनेल घ्या. ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे पॅनेलवर काहीच लोड नसतानाचं, साधारण ४९.८, चालू असताना साधारण ४१.८. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ४५० व्होल्ट असेल तर फिटर गणित करतो: ९ पॅनेलं सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेली, व्होल्टेजची बेरीज), ४४८ व्होल्ट, बसलं! हो, २५ अंशाला बसलं. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. जानेवारीत निफाडला पारा ५ अंशांवर आला की तेच ४४८ सकाळच्या पहिल्या उन्हात ४७२ होतात. इन्व्हर्टर अजून लोड घेत नसतो, पूर्ण ओपन सर्किट व्होल्टेज थेट त्याच्या अंगावर येतं. बोर्ड गेला. वॉरंटीत? जास्त व्होल्टेज लागल्याची नोंद मशीनमध्ये राहिली असेल तर कंपनी हात वर करते, आणि यात तिची चूकही नाही. तिथे ८ पॅनेलं लावायची, गोष्ट संपली.

खालची मर्यादाही असते बरं का. ३ पॅनेलं सिरीजमध्ये म्हणजे चालू असताना कागदावर १२५ व्होल्ट. एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वॉट काढणारा इन्व्हर्टरमधला भाग, त्याची खालची मर्यादा १२०. वा, जमलं! मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पॅनेल ७० अंशांपर्यंत तापतं, तेच १२५ व्होल्ट १०६ वर येतात आणि ऐन उन्हाळ्यात एमपीपीटी चाचपडत बसतो. मग ‘पॅनेलवर धूळ असेल, धुऊन बघा.’ धुवा, रोज धुवा, व्होल्टेज काही वाढायचं नाही.

आणि अजूनही एमपीपीटीऐवजी पीडब्ल्यूएम हा जुना, साधा चार्जर विकणारे आहेतच. पीडब्ल्यूएम पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५० चं पॅनेल लावलं तर १३ व्होल्ट गुणिले १३.५ अँपिअर, म्हणजे जेमतेम १७५ वॉट. पावणेचारशे वॉट हवेत. पैसे मात्र ५५० चे. ‘सोलर इन्व्हर्टर’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या खोक्यावर एमपीपीटी हा शब्द बारीक अक्षरातही सापडला नाही, तर समजून जा.

व्हीए आणि वॉट यांतली फसवणूक जुनीच: खोक्यावरचे १००० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याचदा ८०० वॉट. पुढे जाऊ. मोटार मात्र राहून चालणार नाही. १ एचपीची पाण्याची मोटार चालताना साधारण ११०० वॉट घेते, सुरू होताना क्षणभर पाच-सहापट. हलक्या, दहा-बारा किलोच्या ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरवर ‘सर्ज दुप्पट, ५ सेकंद’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढा जादा भार तो क्षणभरच पेलतो. त्यात फ्रिज आणि मिक्सर आधीच चालू असले तर ते दुप्पट कुठे जातं ते बघा. मोटार, गिझर, एसी बॅकअपच्या डीबीवर (वायरिंगच्या वाटप पेटीवर) घालूच नका, ग्रीडच्या बाजूला ठेवा. पण बॅकअपची वेगळी डीबी करायची तर वायरिंग सोडवावं लागतं, एक दिवस जास्त लागतो. म्हणून फिटर मेन लाइनच आरपार नेतो आणि ‘पूर्ण घर चालेल’ म्हणून सांगून मोकळा होतो.

यावर उपाय म्हणून मोठाच इन्व्हर्टर गळ्यात मारतात. ५ किलोवॅटचं मशीन काहीही न चालवता ६० वॉट खात असेल तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. दोन पंखे, चार दिवे आणि राउटर एवढ्यासाठी? बिनलोडचा खप डेटाशीटवर असतो. दुकानदाराला तो पाठ असल्याचं ऐकिवात नाही.

बॅटरीत तर अंधारच. ५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला ५१.२ व्होल्ट १०० एएचची एकच लिथियम बॅटरी. पूर्ण लोडला इन्व्हर्टर १०५ अँपिअर ओढणार, बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं तिचं रक्षण करणारं सर्किट, सलग १०० देणार, काही पॅक तर ५०च. मग ५ किलोवॅट कुठून आणणार? बीएमएस ट्रिप होतो, घरात अंधार, आणि म्हणे इन्व्हर्टर खराब. ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी घेतली तर निराळा तमाशा: १५० एएचच्या ४ बॅटऱ्या म्हणजे ७.२ युनिट, पण निम्म्यापेक्षा जास्त काढल्या तर आयुष्य घटतं, म्हणजे हाती ३.६. चार्जिंग १५ ते २० अँपिअरनेच हवं. इन्व्हर्टरमध्ये कारखान्यातून ६० ठेवलेलं असतं आणि ते कुणी बदलत नाही. उन्हाळाभर पाणी उकळतं, प्लेटा उघड्या पडतात, मग ‘बॅटरीच डुप्लिकेट निघाली’.

सेटिंगचा हाच निष्काळजीपणा लिथियमलाही भोवतो. इक्वलायझेशन, म्हणजे लेड-ॲसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग, चालू राहिलं तर व्होल्टेज ५८.४ च्या वर जातं आणि १६ सेलच्या पॅकचा बीएमएस तोडतो. पॅक १५ सेलचा असेल तर मर्यादा ५४.७५ वरच संपते, तिथे १६ सेलची सेटिंग टाकली की रोज दुपारी ट्रिप. बीएमएस आणि इन्व्हर्टर यांच्यात कॅन किंवा आरएस४८५ ची, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलता यावं यासाठीची केबल हवी. दिसायला ती लॅनची केबल असते, पण दोन्ही टोकांच्या पिना जुळतीलच असं नाही. म्हणून फिटर दुकानातली लॅन केबल खुपसतो, स्क्रीनवर एरर येतो, आणि हा ‘युजर’ मोड, म्हणजे बीएमएसशी न बोलता फक्त व्होल्टेज बघून चालणारा, निवडून निघून जातो. लिथियमचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास हलतच नाही, त्यामुळे स्क्रीनवरची टक्केवारी निव्वळ अंदाजपंचे. ४० टक्के दिसताना अचानक बंद पडण्याचं कारण बहुधा हेच.

डीसीच्या बाजूला, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडे, एसीचा एमसीबी लावणाऱ्याला तर पहिल्या मजल्यावरूनच परत पाठवा. डीसीचा प्रवाह एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, ठिणगी विझत नाही, एमसीबी आतून वितळतो. बॅटरीची केबल ५ किलोवॅटला ३५ चौरस मिलिमीटरची हवी, मध्ये डीसी फ्यूज हवा.

पैसे देण्याआधी एवढं लेखी घ्या: इन्व्हर्टर आणि बॅटरी, दोन्हींचे मॉडेल नंबर, बॅटरी कंपनीच्या जुळणाऱ्या इन्व्हर्टरांच्या यादीत तुमचं मॉडेल असल्याचा पुरावा, दोघांच्या बोलण्यासाठी कुठला प्रोटोकॉल निवडायचा त्याचं नाव, आणि एका स्ट्रिंगमध्ये (सिरीजच्या एका रांगेत) किती पॅनेलं. यादीत नाव नसेल तर बॅटरीवाला म्हणेल इन्व्हर्टरने मारली, इन्व्हर्टरवाला म्हणेल बॅटरीने मारलं, आणि ‘एक नंबर माल’वाल्याचा फोन संपर्कक्षेत्राबाहेर. ‘एवढं कोण मागतं साहेब?’ असं तो म्हणालाच, तर ॲडव्हान्स खिशातच ठेवा आणि दुसरं दुकान गाठा.